खळ्याला कूड

कडाव गावात खळ्याला कूड घालायची रीत नाही. परसाला घालतात, गोठ्याला घालतात, एखाद्याची म्हैस ओढाळ निघाली तर शेजारीच आपल्या वाफ्याला घालून घेतो. पण खळं उघडं. म्हणून हत्तीवाल्यांच्या हिरामणनं ऐन मार्गशीर्षात, मळणी चालू असताना, आपल्या खळ्याभोवती पुरुषभर उंचीचा कारवीचा कूड उभा केला, त्यावर बोरीच्या काट्या खोचल्या आणि आत शिरायला एकच बांबूचं कवाड ठेवलं, तेव्हा गाव आधी हसलं. मग कारण कळलं आणि कुणाला हसू येईना.

कारण वकिलाचं होतं. कर्जतच्या काशिनाथपंतांनी दोन वर्षांपूर्वी आलेला मुक्या जनावरांचा कायदा चष्मा पुसून पुसून वाचला होता आणि त्यातली फट बोटानं दाखवली होती.

"हिरामण, हा कायदा चव्हाट्यावरचा आहे. जिथे लोकांचा राबता, तिथे जनावराला निर्दयपणे मारलं तर गुन्हा. आपल्या बंद आवारात, लोकांच्या दृष्टीआड, कुणी काय केलं ते सरकार विचारत नाही. तुझं खळं बंद की उघडं?"

हिरामणनं क्षणभर विचार केला होता. "बंद हाय," म्हणाला होता.

आज तिसऱ्या प्रहरी ती जागा बघायला मामलेदारसाहेब स्वतः येणार होते. आरोपी हिरामण. फिर्यादी त्याची सख्खी धाकटी बहीण, सुंदरा. आणि जिच्यापायी भावाबहिणीत हे पेटलं होतं ती शेवंती हत्तीण परसातल्या मांगरात, जनावरांच्या छपरात, साखळीला उभी होती, डाव्या कानामागं मूठ जाईल एवढी जखम घेऊन. मामलेदारांनी फिर्याद उडवून लावली, की परवा लाकडाचा ठेकेदार तिला घाटाखालच्या रानात ओंडके ओढायला नेणार होता. तिथून ती जिवंत परतेल असं सुंदराला वाटत नव्हतं. हिरामणला परतेल असं वाटत होतं, पण त्यानं त्यावर फार विचार केलेला नव्हता.

सकाळपासून पडवीत घर जमलं होतं. म्हातारा बाप नामा खांबाला टेकून. सहदेव, सगळ्यांत धाकटा भाऊ, कर्जत ठेसनात सांधेवाला, पहाटे निघून चालत आलेला, सरकारी टोपी मांडीवर धरून. हिरामणची बायको इंदूबाई दाराच्या आत, कारण सासऱ्यापुढं ती बाहेर बसत नसे. सुंदरा पायरीवर. तिला वर ये असं कुणी म्हटलं नव्हतं आणि तीही कुणाच्या म्हणण्याची वाट बघत नव्हती.

"सोपं हाय," हिरामण म्हणाला. "साहेब इचारील, खळं कुणाचं? आमचं. गावाचा काय संबंध? काय नाय. त्या दिशी कोण व्हतं? घरचीच माणसं. सगळ्यांनी ह्येच सांगायचं. बा, तू पयला."

नामानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आन् त्या दिशी निम्मं गाव खळ्यावर व्हतं, त्याचं काय?" सुंदरानं विचारलं.

"गावातला एक माणूस साक्षीला आला का तुझ्या? चार घरं फिरलीस. कोण आला?"

हे खरं होतं. चारही घरांनी तिला पाट दिला होता, गूळपाणी दिलं होतं, आणि शब्द दिला नव्हता. हत्तीवाल्यांशी वाकडं कोण घेणार? चैत्रात अर्ध्या गावाला पाणी त्यांच्याच विहिरीचं.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," हिरामण म्हणाला. "अकरा वरसं झाली तुला इधवा होऊन. या घरानं तुला एका शब्दानं बोललं? कळंबचं चांगलं स्थळ आलं, पाट लावून देतो म्हटलं, तू नाय म्हनलीस, तेबी ऐकलं. आन् तू भावाला कचेरीत उभा करतेस, एका जनावरासाटी!"

"माझ्या आधी तुला कुणीच बोललं नाय दादा, म्हणून जनावरासाटी बोलावं लागलं."

हिरामणला बहिणीचा राग होता, पण त्याहून जास्त राग त्या अर्जाचा होता. कचेरीत त्यानं तो पाहिला होता. अक्षर सहदेवचं, वळणदार. खाली निशाणी. बायकांची निशाणी बांगडीची असते, हे कारकुनाला ठाऊक. पण सुंदराच्या हातात बांगडी नाही, म्हणून त्यानं बोरू तिच्याच हाती दिला होता आणि तिनं काढला होता विळा. शेवंतीचा चारा कापायचा विळा. वेडावाकडा, पण ओळखू येत होता. कारकून तो सगळ्यांना दाखवत होता.

"आन् तू!" तो सहदेवकडे वळला. "अक्षर तुझं. घर दोन जागी झालं तर खालचं शेत मागायला येऊ नको माझ्याकडं."

सहदेवनं टोपी फिरवली. पंधरा दिवसांपूर्वी ठेसनाच्या दिव्याखाली बसून अर्ज लिहिताना त्याला आपण फार शूर वाटलो होतो. इथं पडवीत तो शूरपणा राहिला नव्हता. "मी फकस्त लिवून दिला, दादा. ताई बोलली ते लिवलं. मी त्या दिशी हितं नव्हतोच."

"ह्येच सांग साहेबाला."

सुंदरानं सहदेवकडं पाहिलं. तिला तो लहान असतानाचा आठवला, शेवंतीच्या पायांमधून पळणारा. ती म्हणाली, "सांग रं. खोटं तर नाय ते."

मग हिरामणनं शेवटचं पान टाकलं. ते टाकायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण सुंदराच्या त्या शांतपणानं त्याचा तोल गेला.

"तुला वाटतं ही जखम मी केली? मी फकस्त अंकुश लावला. जखम हिथं यायच्या आधीची हाय. बाला इचार कुणी उघडी ठेवली व्हती!"

पडवीत इंदूबाईच्या बांगड्यांचा आवाज तेवढा झाला. सुंदरा बापाकडे बघत राहिली. तिच्या लहानपणी नामानं तिला शेवंतीची गोष्ट दर पावसाळ्यात सांगितली होती: घाटात आगगाडीचा रस्ता चालला होता, पटकीनं माणसं मरत होती, हत्तीचा मालक गेला, माहूत पळाला, आणि चारा टाकणारा नामा एकटा त्या पोरक्या पिलाला घेऊन घाट उतरला. त्या गोष्टीत जखम नव्हती.

"बा?"

नामानं डोळे मिटले. घाटातला तो माहूत त्याला अजून दिसत असे, पान खाणारा, हसरा. कानामागचा घाव भरू द्यायचा न्हाई, त्यानं शिकवलं होतं. भरत आला की चुना लावायचा. घाव ओला हाय तवर हत्ती माणसाचा. नामानं दोन वर्षं चुना लावला होता. एकदा लावताना शेवंतीनं सोंडेनं त्याचं मनगट धरलं, पिळलं नाही, नुसतं धरून ठेवलं, आणि त्यानंतर त्याच्यानं झालं नव्हतं. ही गोष्ट सांगण्यासारखी आहे असं त्याला कधी वाटलं नाही. अंकुश मात्र त्यानं वळचणीला खोचून ठेवला होता. फेकून द्यायला हवा होता.

"केलंय मी," तो म्हणाला. "दोन वरसं. हिरामण ल्हान व्हता, बगायचा."

"बघ!" हिरामण म्हणाला.

"काय बघ? मी सोडलं ते तू पुन्ना धरलंस. भरल्या घावात तू पुन्ना खिळा घातलास रं, तीस वरसांनी! मी केलं तवा कायदा नव्हता, पण तवाबी ते वाईटच व्हतं." म्हाताऱ्याचा आवाज चढला आणि खोकल्यात गेला. खोकला थांबला. मग हळू म्हणाला, "पण पोरगा तुरुंगात गेलेला मला बघवायचा नाय, सुंदरे. मी साहेबाला खळं आमचंच म्हणून सांगणार हाय."

सुंदरा उठली. तिला बापाच्या पायाशी बसून रडावंसं वाटत होतं आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. दोन्ही न करता ती म्हणाली, "सांगा. जेला जे सांगायचं ते सांगा. मी मला दिसलं ते सांगीन." आणि चारा कापायला निघून गेली.

*

इंदूबाई दुपारी खळ्यावर होती. गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, भाताची रास घालायची होती. हळव्याची रास महिन्यापूर्वी झाली, ती त्याच दिवशी, ज्या दिवसाचा हा खटला. आज गरव्याची.

तिनं शेण सारवलं, मधल्या तिवड्याच्या खांबाला आंब्याचा डहाळा बांधला, राशीवर सुपानं भात ओतत गेली. कामात मन लागत नव्हतं. तीन दिवस नवऱ्यानं तिला कवाडाशी उभं केलं होतं आणि आल्यागेल्याला परत पाठवायला लावलं होतं. सुतार आला, त्याला परत. न्हावी आला, त्याला परत. काल कळंबची म्हातारी अंबूबाई आली, वाकलेली, डोक्यावर सूप पालथं घालून. "पोरी, कूड कशापायी गं? रानडुकरं झाली का?" इंदूबाईनं कवाडाच्या आतून सांगितलं, "आत्या, परवा या." म्हातारी गेली नव्हती. कुडाच्या सावलीला बसली आणि तिथंच पाठ टेकून झोपली. तिला बघून इंदूबाईला घास गेला नव्हता.

या घरात ती आली तेव्हा चौदा वर्षांची होती. सासूनं तिला दुसरं काहीच विशेष शिकवलं नाही, एक हाळी मात्र घोटून घेतली. रास उभी राहिली, नैवेद्य दाखवला, की घरच्या थोरल्या सुनेनं खळ्याच्या चारी बाजूंना तोंड करून हाळी द्यायची. उपाशी असेल त्यानं यावं, गावचा असो की परगावचा. पहिलं सूप त्याचं. मग बलुत्याचं. मग घरचं. हाळी न देता रास उचलली तर ती रास घरात टिकत नाही, सासू म्हणायची. वीस वर्षं इंदूबाई हाळी देत आली होती. घरात तिचा आवाज चुलीपलीकडे जात नसे. या एका दिवशी तो पार ओढ्यापलीकडे जाई. नणंदेशी तिचं फार पटत नव्हतं. घरात दोन बायका आणि एकीला हत्तिणीपलीकडे काही सुचत नाही, म्हटल्यावर दुसरीच्या माथी सगळं काम. तिला ते बोचत होतं, आणि नवऱ्यापुढं तिनं ते कैकदा बोलूनही दाखवलं होतं.

हिरामण आला. अंगावर धुतलेली बंडी, डोक्याला नवं पागोटं.

"साहेब येईल तवा पूजा चालू पायजे," तो म्हणाला. "त्याला दिसंल, घरची पूजा हाय, घरचीच माणसं हायत. वकील म्हणाले, लई चांगलं दिसंल."

"आन् हाळी?"

"मनातल्या मनात म्हण."

इंदूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "मनातल्या मनात हाळी?"

"देवाला ऐकू येतं."

"हाळी देवासाटी नसती," ती म्हणाली. पण हिरामण तोवर कवाडाची दोरी तपासायला गेला होता.

साऱ्या घोटाळ्याचं मूळ इथं आहे. काशिनाथपंतांना खळ्याची रीत माहीत नव्हती, म्हणून त्यांनी सल्ला दिला. मामलेदार देशावरचे, त्यांनाही नव्हती. तिघांत रीत ठाऊक असलेला एकटा हिरामण, आणि त्याला वाटलं की रीत ही नैवेद्याच्या ताटासारखी, झाकून ठेवता येते. बायको झाकून ठेवील की नाही, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही. वीस वर्षांत तिनं त्याला नाही म्हटलेलं नव्हतं.

*

मामलेदारसाहेब घोड्यावरून आले. किडकिडीत, पन्नाशीचे, उन्हानं त्रासलेले. बरोबर कारकून आणि एक शिपाई, मागोमाग काशिनाथपंत वकील. मागं गाव. गाव कुडापाशी थांबलं आणि कारवीच्या फटींना डोळे लावून उभं राहिलं.

"जोडे भाईर काढा, साहेब," नामा सवयीनं म्हणाला. "रास हाय."

साहेबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा राशीकडे पाहिलं आणि जोडे काढले. सुंदराला ते आवडलं. ती तिवड्यापाशी उभी होती.

"तुमची फिर्याद तुम्हीच सांगा, बाई."

"हळव्याच्या राशीच्या दिशी ठेकेदार आला व्हता," सुंदरा म्हणाली. "हत्तीण सांगितलेलं ऐकती का, बघायला. दादानं तिला हितं आणली. ओंडका उचल म्हणाला. तिनं नाय उचलला. दादाच्या अंकुशानं तिचा घाव आधीच ओला झाला व्हता, मान वाकवली की दुखतं. दादानं त्याच घावात अंकुश घातला. एकदा नाय. मी मोजलं नाय, पण ती खाली बसली तरी घालत व्हता. ती वरडली. मी आडवी गेले तर मला ढकललं. सगळं गाव बघत व्हतं, साहेब. कूड तीन दिसांचा हाय. कारवी बघा, अजून हिरवी हाय."

मामलेदारांनी कारवीला हात लावून पाहिला. कारकुनानं लिहिलं. हिरामण पुढं झाला.

"जुना कूड मोडला व्हता, साहेब. नवा घातला."

"आजोबा, तुम्ही सांगा. हे खळं कुणाचं?"

नामानं काठीवर दोन्ही हात ठेवले. "आमचं. आमच्या एकट्याचं."

"गावातलं कोणी येतं इथे?"

कुडापलीकडे एवढं माणूस उभं होतं, पण खोकण्याचासुद्धा आवाज नव्हता. नामाच्या बापानं हे खळं केलं तेव्हा दगड वेचायला त्या सगळ्यांचे बाप आले होते.

"नाय येत," नामा म्हणाला.

सुंदरानं मान खाली घातली नाही. बाप खोटं बोलला आणि ते बोलताना दहा वर्षांनी म्हातारा झाला, हे दोन्ही तिला दिसलं. तिला त्याची दया आली आणि तेवढाच संतापही आला.

सहदेवनं ठरल्याप्रमाणे सांगितलं, की अर्ज त्यानं लिहिला, पाहिलं काही नाही. साहेबांनी कवाडापाशी जाऊन बाहेर विचारलं, "तुमच्यापैकी त्या दिवशी खळ्यात कोण होतं?" फटींमागचे डोळे मागं सरले. कुणी बोललं नाही.

"बाई," मामलेदार परत येऊन म्हणाले. त्यांचा स्वर कठोर नव्हता. "जनावराची जखम मी मघाशी पाहिली. मला ती पाहवली नाही. पण कायदा शब्दांवर चालतो. लोकांच्या राबत्याची जागा आहे असं सिद्ध झालं नाही, तर ही फिर्याद टिकत नाही."

"म्हंजे कूड घातला की मारायला मोकळं?"

"कायदा जेवढा आहे तेवढाच मी लावू शकतो."

"मग तुमच्या कायद्यापेक्षा आमची गुरं बांधायची दोरी लांब हाय, साहेब!"

शिपाई पुढं झाला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. काशिनाथपंत वकील गालात हसत होते. हिरामणनं बायकोला खूण केली, पूजा आटप.

इंदूबाईनं राशीला हळदकुंकू वाहिलं. नैवेद्य दाखवला. पाणी फिरवलं. मग पदर कमरेला खोचला आणि पूर्वेकडे तोंड केलं. हिरामणनं ते पाहिलं, आणि पुढं काय होणार ते त्याला कळलं, पण साहेबांपुढं बायकोच्या तोंडावर हात कसा ठेवणार?

"रास उभी हाय हो!"

आवाज कुडावरून गेला. मामलेदार दचकून वळले.

"उपाशीतापाशी यावं! गावचा यावा, परगावचा यावा! खळं उघडं हाय हो!"

"इंदे!" हिरामण दात ओठ खात म्हणाला.

ती दक्षिणेकडे वळली. पश्चिमेकडे वळली. प्रत्येक वेळी तेच शब्द, प्रत्येक वेळी आवाज चढता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला त्याचं भानही नव्हतं. उत्तरेकडे तिनं हाळी दिली तेव्हा कुडाबाहेरून रीतीप्रमाणे जबाब आला. आधी एका म्हातारीचा, चिरका, "आलो गं माय!" मग दहांचा. मग सगळ्या गावाचा. साहेबाच्या प्रश्नाला जे तोंड उघडत नव्हते, ते हाळीला गप्प राहू शकत नव्हते. हाळीला जबाब न देणं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतणं, आणि तेवढं वाईट कडावात कुणी कुणाचं चिंतत नाही.

कवाड हललं. शिपायानं आडवी काठी धरली.

"येऊ द्या त्यांना," मामलेदार म्हणाले.

पहिली अंबूबाई आत आली. जोडे नव्हतेच, काढायचा प्रश्न नव्हता. कुणाकडे न बघता ती सरळ राशीच्या उगवतीच्या अंगाला जाऊन बसली, सूप पुढं केलं. तिच्यामागून सुतार, न्हावी, गावातल्या बायका, जो तो आपापल्या जागी. कुणाला जागा दाखवावी लागली नाही.

साहेब अंबूबाईसमोर उकिडवे बसले. "आजी, इथे दरवर्षी येता?"

"दरवर्सी. माजी सासूबी यायची. ती त्या तिथंच मेली, सूप घेऊन."

"महिन्यापूर्वी, पहिल्या राशीला?"

"आले व्हते की. त्या दिशी हत्तिणीचं रगत राशीवर उडालं. ह्या पोरीनं," तिनं इंदूबाईकडे बोट केलं, "रडत रडत वरचा भात काडून टाकला. माज्या सुपात दोन थेंब आलं व्हतं. मी काय बोलले न्हाई. मालकाचं जनावर, मालकाचा हात." ती थांबली. "आता सरकार इचारतंय का?"

"विचारतंय."

"मग लई वाईट मारलं, बाबा. तसं कुणी मारत न्हाई."

काशिनाथपंत पुढं सरसावले. साहेबांनी त्यांना बोलू दिलं नाही. कारकुनाला म्हणाले, "लिहा. जागा लोकांच्या राबत्याची. साक्षीदारांचे जबाब घ्या." मग सुतार बोलला, त्याच्यामागं न्हावी. बसलेल्या जागी बसूनच, हातात सूप घेऊन, एकेक जण सांगत गेला.

"निकाल सोमवारी कर्जतच्या कचेरीत," मामलेदार उठत म्हणाले. "एक हुकूम मात्र आत्ता. जखम पुरती भरेपर्यंत हत्तीण कामाला लावायची नाही. गाव सोडून न्यायची नाही. हिचं औषधपाणी कोण करतं?"

"मी," सुंदरा म्हणाली.

"तुमच्या ताब्यात राहील. दर पंधरा दिवसांनी कचेरीत येऊन जखमेची हकीकत सांगायची. आरोपीनं हिला हात लावायचा नाही."

*

गाव पांगल्यावर हिरामण खळ्यात एकटाच उभा राहिला. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं. त्याला तुरुंगाची भीती वाटत होती, पण त्याहून दुसऱ्याच एका गोष्टीनं तो हलला होता: एवढी माणसं आत येऊन बसली आणि त्यांतल्या एकानंही जाताना त्याला रामराम केला नाही.

इंदूबाईची सुपं भरून झाली होती. तो तिच्यापाशी आला.

"घर बुडवलंस."

"घर टिकवलं," ती म्हणाली. "साहेबापुढं तुमी सांगायला लावलं, गाव येत नाय. मामंजी बोलले. भावजी गप ऱ्हायले. मीबी गप ऱ्हायले असते तर ही रास घरात कुठल्या तोंडानं नेली असती? मारायचं तर मारा मला. हितंच मारा. खळं उघडं हाय."

तो तिला मारणार नव्हता. पण तिनं ते म्हटलं, ते ऐकून तो दोन पावलं मागं सरला.

सुंदरा जवळ आली. "वैनी..."

"तुझ्यासाटी नाय केलं, वन्सं," इंदूबाई डोळे पुसत म्हणाली. "तुझ्या हत्तिणीसाटीबी नाय. माझी हाळी माझी हाय, ती कुणी मनातल्या मनात म्हणायला सांगावी, ह्ये मला खपलं नाय. जा, तिला बघ. सांच्याला भाकरी पाठवते."

मांगरात शेवंती कान हलवत उभी होती. सुंदरानं कडुलिंबाचा पाला उकळून आणला, कापडाच्या बोळ्यानं जखम धुतली. शेवंती शहारली, पण हलली नाही. नामा दारापर्यंत आला, आत आला नाही. काठी टेकून उंबऱ्याबाहेर बसला आणि तिथूनच म्हणाला, "पाणी कोमट घे गं. कडत नको." सुंदरा बोळा पिळत राहिली. थोड्या वेळानं मात्र तिनं पाण्यात बोट घालून पाहिलं आणि थोडं गार मिसळलं.

हिरामण आला तेव्हा दिवस मावळला नव्हता. त्याच्या हातात तिचं वळकटीचं गाठोडं होतं. ते त्यानं म्हाताऱ्याच्या पलीकडे, मातीत टाकलं.

"आजपासून तू मला मेलीस. घराचा उंबरठा चढलीस तर पाय तोडीन."

"हिरामण!" नामा म्हणाला.

"तू गप, बा."

सुंदरा बाहेर आली. तिनं गाठोडं उचललं, माती झटकली आणि मांगरातल्या पेंढ्यावर नेऊन ठेवलं. मग हात पुसत परत दारात आली आणि भावासमोर उभी राहिली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता.

"उंबरठा तुझा, दादा. मी नाय चढत. पण हत्तीण माझ्या ताब्यात हाय, सरकारनं लिवून दिलंय. आन् हत्तीण ह्या मांगरात हाय. मला हितनं हलवायचं तर तिला हलवावं लागंल, आन् तिला तू हात लावायचा नाय."

हिरामणनं तिच्या खांद्यावरून आत शेवंतीकडं पाहिलं. तो म्हणाला, "जखम भरंलच कवातरी. मग?"

"भरू दे. भरली की तूच अंकुश घे, आन् जिथं कूड घालायचा तिथं घाल," सुंदरा म्हणाली. "कर्जतची वाट आता माझ्या पायाखालची हाय."